वाटसरू, साहेब आणि सहलकरी : शहापूर-मुरबाडच्या आदिवासी मुलुखातील प्रवासाचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला सह्याद्रीच्या भिंतीला टेकून असलेले शहापूर आणि मुरबाड हे तालुके आज मुंबई-ठाण्याच्या रहिवाशांना पावसाळी धबधबे, माहुली-गोरखगडाची चढाई आणि नदीकाठची विश्रामगृहे यांमुळे परिचित आहेत. निसर्ग पाहावा, आदिवासींचे जगणे जवळून अनुभवावे आणि मुक्कामाला शहरी सुखसोयीही असाव्यात, अशी अपेक्षा बाळगणारा प्रवासी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात जसा जातो तसाच तो अलीकडे भातसा-काळूच्या खोऱ्यांतही येऊ लागला आहे. मात्र या मुलुखाला बाहेरचा माणूस नवा नाही. गेली दोन हजार वर्षे तो येथे येत आहे आणि प्रत्येक काळात तो काय घेण्यासाठी आला, कोणाच्या परवानगीने आला व त्याच्या येण्याचा भार कोणी वाहिला, हे तपासल्याशिवाय आजच्या पर्यटनाला जबाबदार म्हणावे की नाही, याचा निवाडा करता येत नाही.

हा प्रदेश काटेकोर अर्थाने वर्षावनाचा नाही. घाटमाथ्याच्या कडेला निमसदाहरित झाडी आणि खाली साग, ऐन, खैर, मोह व पळस यांचे पानझडी जंगल असे येथील वनाचे स्वरूप असले, तरी पावसाच्या चार महिन्यांत डोंगरउतारांवरून कोसळणारे पाणी तानसा, वैतरणा, भातसा, काळू आणि बारवी या नद्यांना दुथडी भरून वाहायला लावते. या नद्यांच्या खोऱ्यांत प्रामुख्याने ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली या जमातींची वस्ती असून ती पाड्यांत, म्हणजे मुख्य गावापासून सुट्या असलेल्या लहान वस्त्यांत, विखुरलेली आहे. भात, नाचणी आणि वरी यांची शेती, नदी-ओहोळांतील मासेमारी आणि जंगलातील कंद, रानभाज्या, मध व मोहफुले यांवर या वस्त्यांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले.

बाहेरच्या प्रवाशाची सर्वांत जुनी ठळक खूण नाणेघाटात आढळते. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून जुन्नरकडे चढणारी ही वाट कल्याण व सोपारा या बंदरांना सातवाहनांच्या दख्खनी राज्याशी जोडत असे. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा ब्राह्मी लिपीतील लेख असून त्यात वैदिक यज्ञ आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी यांच्या दानांची नोंद आहे. जवळच कातळात घडवलेला भलामोठा दगडी रांजण दिसतो आणि त्यात जकातीची नाणी टाकली जात, अशी परंपरा सांगितली जाते. कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आणि विसाव्याची लेणी पाहता व्यापारी तांड्यांच्या सोयीचा येथे बारकाईने विचार झाला होता, हे स्पष्ट होते. परंतु ज्या रानातून ही वाट जात होती त्या रानातील रहिवाशांचा उल्लेख या लेखात नाही. राजघराण्याची नावे आणि दानांचे आकडे कोरले गेले, तर वाटेच्या दोन्ही बाजूंचा माणूस नोंदीबाहेर राहिला, आणि पुढील अनेक शतके इतिहासलेखनाची हीच रीत कायम राहिली.

मध्ययुगात या मुलुखाचे महत्त्व गडांमुळे वाढले. आसनगावजवळचा माहुली गड उत्तर कोकणातून देशावर जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवत असे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही टिकवण्याचा आपला शेवटचा प्रयत्न याच गडाच्या आश्रयाने केला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. सह्याद्रीच्या घाटवाटांची राखण करण्यात महादेव कोळ्यांच्या नाईकांचा मोठा वाटा होता. रानाची माहिती हे त्या काळी लष्करी सामर्थ्य होते आणि ती माहिती असणाऱ्या माणसाला राज्यकर्त्यांशी काही अटींवर बोलता येत असे, ही गोष्ट पुढील काळाशी तुलना करताना ध्यानात ठेवावी लागते.

इंग्रजी अमलात हे चित्र पालटले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे मार्गावर सुरू झालेली रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून देशावर पोहोचली, त्यामुळे शहापूरचे जंगल मुंबईच्या बाजारापासून काही तासांच्या अंतरावर आले. लाकडाची मागणी वाढली आणि १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलाचे मोठे क्षेत्र सरकारच्या ताब्यात आणले. यातून सर्वाधिक संघर्ष राबावरून झाला. झाडांच्या फांद्या छाटून त्या पालापाचोळा, शेण व मातीसह भाताच्या रोपांच्या वाफ्यावर पसरायच्या आणि पावसाळ्यापूर्वी जाळायच्या, या भाजणीच्या पद्धतीला राब म्हणतात. नव्या नियमांनी फांद्या छाटण्यावर निर्बंध आणताच शेतीचे चक्रच अडले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला आणि त्या आयोगाने १८८७ मध्ये आपला अहवाल सादर केला.

कातकऱ्यांवरचा आघात याहूनही खोल होता. खैराचे झाड तोडून त्याच्या खोडातील तांबडा गाभा वेगळा काढायचा, त्याचे लहान तुकडे मातीच्या मडक्यांत तासन्‌तास उकळायचे, उतरलेला अर्क गाळून पुन्हा आटवायचा आणि दाट झालेल्या लगद्याच्या वड्या पाडून त्या सावलीत वाळवायच्या, असा त्यांचा काताचा व्यवसाय होता. हंगामात संपूर्ण कुटुंबे रानात तळ ठोकून हे काम करीत. खैर राखीव झाल्यावर हा व्यवसाय त्यांच्या हातून गेला आणि ही जमात प्रथम कोळसाभट्ट्यांकडे व नंतर वीटभट्ट्यांकडे वळली, जेथे पावसाळ्यापूर्वी घेतलेली उचल फेडण्यासाठी पुढचा संपूर्ण हंगाम राबावे लागते. स्वतःच्या कसबावर जगणारा समाज एका कायद्याने कर्जबाजारी मजूर झाला. आज भारत सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित गटात गणले आहे त्यांत कातकरी आहेत.

याच काळात या जंगलात सुखसोयींनी युक्त प्रवासाची पहिली रीत रुजली. जिल्ह्याचे अधिकारी पावसाळा संपल्यावर फिरतीवर निघत, तंबू ठोकत आणि सवडीने शिकार करीत. त्यांचे सामान वाहणे, छावणीला सरपण व वैरण पुरवणे आणि शिकारीसाठी रान उठवणे ही कामे परिसरातील गावकऱ्यांकडून वेठीने, म्हणजे विनामोबदला किंवा नाममात्र मोबदल्यात सक्तीने, करून घेतली जात. सावकार आणि जमीनदारही अशीच वेठ घेत. तिच्याविरुद्धचा असंतोष पुढे संघटित झाला आणि जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेनंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांचा उठाव झाला. पाहुण्याची सोय यजमानाच्या सक्तीच्या श्रमांवर उभी राहू शकते, हा या कालखंडाचा धडा असून पर्यटनाचा विचार करताना तो आजही लागू पडतो.

तथापि बाहेरून आलेला प्रत्येक माणूस घेण्यासाठीच आला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात आश्रय घेतला. २ जानेवारी १९४३ रोजी तेथेच त्यांना आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. अभ्यासकही या प्रदेशात आले. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने येथील जमातींची वर्णने शासकाच्या नजरेतून आणि अनेकदा तुच्छतेने केली होती. त्या मानाने ल. ना. चापेकर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला सह्याद्रीतील ठाकुरांवरील इंग्रजी ग्रंथ प्रदीर्घ सहवासातून लिहिला गेला. अशा कामांतून या समाजांचे सण, देवदेवता, विवाहविधी आणि नाच बाहेरच्या जगाला समजले, पण पुढे याच माहितीचे सुटे तुकडे करमणुकीच्या कार्यक्रमांत मांडले जाऊ लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या मुलुखाकडून सर्वाधिक नेले गेले ते पाणी. १८९२ मध्ये तानसा धरणातून मुंबईला पाणीपुरवठा सुरू झाला, १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडकसागर पूर्ण झाला, त्यानंतर भातसा धरण आले आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा प्रकल्पाची भर पडली. मुंबईची तहान आज मुख्यतः शहापूर आणि त्याच्या शेजारच्या तालुक्यांतील जलाशयांवर भागते, आणि तरीही याच शहापुरातील अनेक पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. भातसा प्रकल्पात जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. मुरबाडमधील काळू धरणाचे काम वनमंजुरीआधीच सुरू झाले तेव्हा स्थानिक ग्रामस्थांनी लढा दिला आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबवले. जलाशयाच्या काठी चांदण्यात बसण्याचे सुख विकत घेणाऱ्या प्रवाशाला त्या पाण्याखाली कोणाची शेते आहेत हे माहीत असणे, ही जबाबदार भेटीची पहिली पायरी मानली पाहिजे.

गेल्या काही दशकांत गिर्यारोहण संस्थांच्या मोहिमांनी या डोंगरांची ओळख वाढवली. कसाऱ्याजवळच्या विहीगावचा धबधबा २००१ च्या ‘अशोका’ चित्रपटातील चित्रीकरणानंतर त्याच नावाने ओळखला जाऊ लागला आणि माळशेज घाट पावसाळी सहलींचे केंद्र बनला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्याने शहरी लोंढा आणखी जवळ आला आहे. या वाढत्या वर्दळीतून वाटाड्या, खानावळवाली आणि चहावाला यांना थोडी मिळकत होते हे खरे. पण मद्यपी टोळक्यांचा उपद्रव, ओहोळात फेकलेल्या बाटल्या आणि पाण्यावर गेलेल्या स्त्रियांची न विचारता काढलेली छायाचित्रे हेही त्याच वर्दळीचे देणे आहे. शेतघरांच्या मागणीमुळे जमिनीवरचा ताणही वाढला असून, आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर १९७४ च्या कायद्यांनी निर्बंध घातले असले, तरी ज्या कातकरी कुटुंबांच्या घराखालची जागाच त्यांच्या नावावर नाही त्यांना त्या कायद्याचे संरक्षण पुरत नाही.

आदिवासी भागांतील पर्यटनाबाबत जगात दोन टोकांची उदाहरणे आढळतात. अंदमान बेटांवर जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जाणारा रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये देऊनही त्यावरून पर्यटकांची वाहने जात राहिली आणि २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना नाचायला लावणारी चित्रफीत उजेडात आल्यावर देशभर संताप उसळला. याउलट पेरूमध्ये तांबोपाता नदीकाठच्या इन्फिएर्नो या एसे-एहा समाजाच्या गावाने १९९६ मध्ये एका प्रवासी कंपनीशी २० वर्षांचा करार केला, त्यानुसार नफ्याचा ६० टक्के हिस्सा गावाचा ठरला आणि ‘पोसादा अमेझोनास’ या निवासाच्या कारभारातही गावाला निर्णयाचा वाटा मिळाला. सह्याद्रीत अकोले तालुक्यातील महादेव कोळ्यांच्या पुरुषवाडी गावात काजव्यांचा हंगाम, शेतातील कामे आणि घरगुती जेवण यांभोवती असाच गावाधारित पर्यटनाचा प्रयोग झाला असून, तेथे पाहुण्यांची व्यवस्था गावातील कुटुंबांमध्ये वाटून दिली जाते.

पेरूच्या गावाला जे करारातून मिळवावे लागले त्याचा पाया शहापूर-मुरबाडमध्ये कायद्याने आधीच घातलेला आहे. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे पंचायत राज व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा, ग्रामसभेला आपल्या रूढी व संसाधने जपण्याचा अधिकार देतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची वाट मोकळी केली. त्यामुळे धबधब्यावर किती माणसे यावीत, वाघबारशीच्या दिवशी वाघदेवापाशी बाहेरच्यांनी जावे की नाही, वाटाड्याची मजुरी किती असावी, नाच पाहुण्यांसमोर व्हावा की केवळ आपल्या सणाला, आणि शुल्काचा पैसा विहिरीला लावावा की शाळेला, हे प्रश्न ग्रामसभेपुढे ठेवण्यात कायद्याची अडचण नाही. अडचण आहे ती अपुऱ्या वनहक्क पट्ट्यांची आणि पर्यटनाच्या योजना पाड्याला न विचारता आखण्याच्या सवयीची.

म्हणूनच प्रवाशाचे सौजन्य, प्लॅस्टिकमुक्त डबा आणि स्थानिक वस्तूंची खरेदी या गोष्टी आवश्यक असल्या, तरी पुरेशा नाहीत. जकात सातवाहनांनी ठरवली, वेठ साहेबाने लादली आणि धरणाची जागा शहराच्या गरजेने निश्चित केली. या साखळीत पर्यटन ही पुढची कडी ठरू नये, असे वाटत असेल तर भेटीच्या अटी ठरवण्याचा आणि प्रसंगी भेट नाकारण्याचा अधिकार पाड्याकडे असला पाहिजे. असा अधिकार जेथे मान्य होईल तेथेच सुखसोयींनी युक्त प्रवास आणि यजमानाचा सन्मान एकत्र नांदू शकतील, आणि त्याची सुरुवात हक्काच्या जमिनीपासून व उन्हाळ्यात पाड्यावर पोहोचणाऱ्या पाण्यापासूनच करावी लागेल.