जागल्याचा माग

वऱ्हाडातल्या गावात रात्री जागायचा तो जागल्या. बुलढाण्याच्या घाटाखाली काय आणि घाटावर चिखली-मेहकरकडे काय, गावाची राखण पोलीस ठाण्यांच्या कितीतरी आधीची. चोरी झाली की राखणदाराने धुळीतला पावलाचा ठसा धरून शिवेपर्यंत जायचे, शिव ओलांडली की तो माग शेजारच्या गावाच्या पदरात घालायचा, आणि माग जिथे मुरला त्या गावाने नुकसान भरून द्यायचे. एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात पेशव्यांच्या मुलखातली ही रीत नोंदवली आहे. दख्खनमध्ये तिचे रूप थोड्याफार फरकाने असेच होते. राखणदाराच्या हातात काठी असे, भाला असे, कधी तलवारही. पण त्याचा मान हत्यारामुळे नव्हता. चूक झाली तर कोण भरून देणार, हे हत्यार उचलण्याआधीच ठरलेले होते. हल्ला होताना मध्ये पडणाऱ्या सशस्त्र नागरिकाविषयी आज आपण बोलतो, तेव्हा शौर्याची चर्चा होते आणि नेमका हा जाब विसरला जातो.

या जुन्या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचेही कारण नाही. घरोघर दळणाची जाती टाकवणाऱ्या टाकणकरांना पूर्वी वऱ्हाडातल्या गावांनी राखणीला ठेवल्याचे इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदींत आढळते, आणि त्याच नोंदी त्यांना घरफोडे म्हणतात. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणूस गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण पालावरचा पारधी दिसला की संशय घेण्याची नजर गेली नाही. हत्यारबंद माणसाला क्षणात ठरवायचे असते की हल्लेखोर कोण, आणि तो ते याच नजरेने ठरवतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले. मुले पळवणाऱ्यांना धरले, अशी त्या जमावाची समजूत होती. मुलांना वाचवतो आहोत असे मारणाऱ्यांना वाटत होते, म्हणून मेलेल्यांचे निरपराधपण कणभरही कमी होत नाही.

यावर रास्त आक्षेप येतो: ठाणे दूर, हल्लेखोर दारात, तोवर हात बांधून बसायचे का? कायदा तसे कधीच म्हणाला नाही. १ जानेवारी १८६२ला अमलात आलेल्या दंडसंहितेने स्वतःच्याच नव्हे, परक्याच्या जिवाचेही रक्षण करण्याचा हक्क दिला. दर्शनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितले की जिवावर बेतलेल्या माणसाने बचावाचे माप सोन्याच्या काट्यावर तोलावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. मात्र हक्काला टोक आहे. धोका सरला की हक्क सरला. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला घाव बचावात बसत नाही. शिवाय आपण बचावच करत होतो, हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणजे वाचवणारा आधी आरोपी होतो, आणि मग त्याच्या त्या चार क्षणांची उलटतपासणी वर्षानुवर्षे चालते. मला ही कठोरता योग्य वाटते. शिवेवर चालणारा जाब आता न्यायालयात चालतो, एवढाच फरक. फक्त आता तो गावावर नसून एकट्या माणसावर पडतो, आणि ही गोष्ट त्याला आधी कोणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, कारण तो इतिहासातून येतो. १९४७-४८मध्ये देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या बाजूला निजामाच्या राज्याची हद्द भिडलेली होती. पलीकडे रझाकारांचा धुमाकूळ चालला असता लोकांनी शस्त्र उचलले नसते, तर गावे उरली नसती, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. सरकारच हल्लेखोरांना पाठीशी घालत असेल, तर जाब विचारायला दारच उरत नाही. पण सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर रझाकार मोडले, धोका ओसरला, आणि तरीही शस्त्रे खाली गेली नाहीत. मराठवाड्यात सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातल्या मृतांचा आकडा २७ ते ४० हजार धरला, आणि बाहेरून आलेल्या सशस्त्र टोळ्यांचाही उल्लेख केला. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. बचाव कुठे संपला आणि सूड कुठे सुरू झाला, हे विचारायला तिथे ना शिव होती, ना न्यायालय.

दंडसंहितेत या हक्काच्या शेवटच्या कलमाला एक उदाहरण जोडलेले आहे. एका माणसावर जमाव चालून येतो, गोळी झाडल्याखेरीज त्याचा जीव वाचत नाही, आणि जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. त्याने गोळी झाडली आणि एखादे मूल जखमी झाले, तरी तो गुन्हा नाही, असे कायदा सांगतो. त्या मुलाच्या आईला काय सांगायचे, याविषयी कलमात एकही शब्द नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम १०६चे ४४ झाले. उदाहरणातली ती मुले तिथेच, जमावात, उभी आहेत.