चार महिन्यांची शिक्षिका

वर्गात मुलांना श्वासाकडे लक्ष द्यायला लावणे, म्हणजे ‘माइंडफुलनेस’, हे आज नवे खूळ वाटते. पण बालशाळांतला ‘मौनाचा खेळ’ शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची पहिली शिक्षिका होती एक तान्ही मुलगी.

रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे बालकांचे घर, सुरू केले. एकदा अंगणात त्यांना एक आई भेटली. तिच्याजवळची चार महिन्यांची मुलगी तिकडच्या रिवाजाप्रमाणे कापडात घट्ट गुंडाळलेली, अगदी शांत. मॉन्टेसरीबाई तिला घेऊनच वर्गात गेल्या. ही बघा कशी स्वस्थ आहे, पाय कसे जुळलेत, श्वास किती हलका, असे त्या मुलांना दाखवू लागल्या. मुलांनीही पाय जुळवले, श्वास हलके केले. एरवी गलक्यात बुडून जाणारी घड्याळाची टिकटिक सगळ्यांना ऐकू आली.

पुढे मुलांचे कान तपासण्यासाठी त्या दुरून, कुजबुजत एकेकाचे नाव घेऊ लागल्या. नाव आले की मूल कशालाही धक्का न लावता, चवड्यांवर चालत यायचे. इतका वेळ वाट पाहिली म्हणून बाईंनी खाऊ पुढे केला, तर मुलांनी तो घेतलाच नाही. मला या कुळकथेत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. त्या शांततेला ना धाक लागला, ना बक्षीस.

मॉन्टेसरींची शिक्षणपद्धत त्यांच्या १९०९च्या पुस्तकातून जगभर गेली. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती आपल्या मातीत रुजवली. ताराबाईंनी पुढे अनुताई वाघांच्या साथीने बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या उभारल्या. स्वतः मॉन्टेसरी १९३९ साली मद्रासला आल्या.

अलीकडे ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना घेऊन माइंडफुलनेसची मोठी चाचणी झाली. सरसकट सगळ्या वर्गाला हे धडे दिल्याने मुलांचे मानसिक आरोग्य नेहमीच्या शिकवण्यापेक्षा सुधारले नाही, असा निष्कर्ष २०२२ साली आला. मला त्याचे नवल वाटत नाही; सगळ्यांवर सरसकट लादलेली शांतता हा मुलांचा खेळ उरत नाही.

गोंगाट वाढला की ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणणे हा मौनाचा खेळ नव्हे. बाईंनो, गुरुजींनो, वर्ग खुशीत असेल तेव्हाच तो खेळा, आणि ज्या मुलाला त्या दिवशी नको असेल, त्याला खुशाल सूट द्या.