मच्छिंद्रगडाचा फेरा

शंभूआप्पा आणि बुवाफन यांचा उरूस भरवणारे इस्लामपूर २०२५ साली सरकारदप्तरी ईश्वरपूर झाले. इथल्या माणसाला डोंगराचे विचारा, तो पश्चिमेकडे, शिराळा-चांदोलीकडे बोट दाखवतो. पण आपल्या वाळवे तालुक्यातच उत्तरेला मच्छिंद्रगड उभा आहे. उंची बेताची, चढ सोपा. नाथाच्या दर्शनाला म्हातारी माणसेही वर जातात. पायऱ्यांनी चढावे, ढासळलेल्या तटाच्या कडेकडेने माथ्याचा फेरा घ्यावा आणि उतारावरच्या गवतातून वळसा घेत पायथ्याशी यावे. एका सकाळचे काम.

शिवाजी महाराजांनी १६७६च्या सुमारास हा गड बांधला आणि १८१८मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. किल्ल्यांची पुस्तके बहुधा इथे थांबतात. मला मात्र माथ्यापेक्षा उताराचा इतिहास मोलाचा वाटतो. खाली कृष्णाकाठी इंच इंच जमिनीला मालक आहे, बांधाबांधाला कज्जा आहे, आणि जिकडे पाहावे तिकडे ऊस. चढ लागला की बांध संपतात आणि माळ सुरू होतो.

असा माळ गावाचा असे. गायरान म्हणजे गाईंचे रान. पण शेळी-मेंढी, सरपण, गवत, शेणी, सगळे तिथूनच यायचे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचीही म्हैस तिथे चरायची. इंग्रजांनी १८७८च्या जंगल कायद्याने डोंगर राखीव करायला घेतले आणि १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन वेगळी ठेवण्याची तरतूद केली. एका हाताने घेतले, दुसऱ्या हाताने थोडे दिले. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२मध्ये ही यादी आजही आहे : मोफत चराई, गवताची राखीव जमीन, दहनभूमी, दफनभूमी, मुक्कामाचा तळ, खळे, बाजार. कायद्याची भाषा रूक्ष म्हणतात. माझ्यासारख्या मुसलमान घरातल्या माणसाला मात्र गुरांचे चरणे आणि आपले शेवटचे निजणे एकाच कलमात वाचताना ती तशी वाटत नाही.

राखीव जंगलाचा राग १९३०मध्ये उफाळला. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. बिळाशीच्या लोकांनी जंगलातले झाड तोडले, त्याच्यावर तिरंगा चढवला आणि तो उतरवायला पोलीस आले तेव्हा बायका आडव्या आल्या.

त्याच साली या डोंगराच्या सावलीतल्या येडेमच्छिंद्र गावच्या एका तलाठ्याने नोकरी सोडली. ते क्रांतिसिंह नाना पाटील. कुठला तुकडा कुणाचा आणि कुठला सगळ्यांचा, हे ज्याच्या दप्तरात असते तो तलाठी. आणि पुढे हाच माणूस सरकारला न सापडता चार वर्षे याच मुलखात वावरला. गडावरून पुणे-मिरज लोहमार्गाचा मुलूख दिसतो. त्या मार्गावर शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या पुढाकाराने हे घडले. भूमिगतांना भाकरी गावाने दिली हे आपण नेहमी सांगतो. रात्रीच्या चालीला माळरानाचा केवढा आधार होता, तेही सांगायला हवे.

स्वातंत्र्यानंतर मोकळ्या जमिनीचा प्रश्न भूमिहीनांनी मांडला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४मध्ये सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करा, अशी मागणी होती. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरचे बेकायदा कब्जे काढण्याचे आदेश राज्यांना दिले, पण भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती, शाळा, दवाखाना यांच्यासाठी अपवादाची जागा ठेवली. २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि गावोगावी नोटिसा निघाल्या. धाक बसला तो झोपडीला. गायरानात नांगर घालून ऊस लावणारा मोठा बागायतदार आणि तिथे दोन पत्रे उभे करून राहणारी विधवा, दोघांनाही अतिक्रमण हा एकच शब्द लावणे मला पटत नाही. आता शेतीच्या विजेसाठी सौर प्रकल्पांनाही गायराने दिली जात आहेत. वीज शेतकऱ्यालाच मिळणार, हे खरे. पण मेंढरू कुठे चरणार, हे त्या कागदावर कुठे येत नाही.

मच्छिंद्रगडाचा फेरा करून आलात की आपल्या गावच्या चावडीतही एक फेरी मारा. गाव नमुना १-ब मागा. त्यात सरकारी जमिनी असतात. मग १-ई मागा. तो अतिक्रमणांचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.