सर्व पेन टेबले आहेत

सर्व पेन टेबले आहेत. काही टेबले नद्या आहेत. मग काही पेन नद्या आहेत, असा निष्कर्ष निघतो का?

बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं अशी डझनभर उदाहरणं रोज सोडवतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी वहीत डोकावलं, तर ‘हे काय भलतंच?’ हीच पहिली प्रतिक्रिया असते. पण या प्रश्नाचं घराणं मोठं आहे. त्याचा मूळ पुरुष ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल, काळ इसवी सनापूर्वीचं चौथं शतक.

‘प्रायर अनॅलिटिक्स’ या ग्रंथात ॲरिस्टॉटलने विधानांचे चार साचे पक्के केले: सर्व अ ब आहेत, कोणतेही अ ब नाहीत, काही अ ब आहेत, काही अ ब नाहीत. आजच्या प्रश्नपत्रिकेतही मुख्यतः हेच चार साचे फिरत असतात. त्याचं खरं धाडस पुढचं. त्याने माणूस, घोडा, दगड असले शब्द काढून त्यांच्या जागी नुसती अक्षरं ठेवली. विधान खरं आहे की खोटं हा प्रश्नच त्यामुळे बाजूला पडला. उरला तो एवढाच, की दिलेलं मान्य केलं तर पुढे काय मान्य करणं भाग पडतं? पेन, टेबल आणि नद्या ही या अक्षरांचीच सोंगं आहेत.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाची वाट वेगळी. तिथल्या अनुमानाची पाच अंगं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर धूर आहे म्हणून तिथे अग्नी आहे, असं म्हणायचं तर मध्ये स्वयंपाकघराचं उदाहरण द्यावंच लागतं, कारण धूर आणि अग्नी तिथे एकत्र पाहिलेले असतात. ‘सर्व पेन टेबले आहेत’ला नैयायिकाने दारातच अडवलं असतं. ही उणीव नव्हे. खऱ्या ज्ञानाची जबाबदारी सोडायची नाही, असा तो बाणा आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र ग्रीक शाखाच पोचली.

युरोपच्या विद्यापीठांत तेराव्या शतकापर्यंत विद्यार्थी वैध अनुमानांची नावं पद्यात घोकू लागले होते. ‘बार्बारा’ हे त्यातलं पहिलं नाव. त्यातले तीन ‘आ’ म्हणजे ‘सर्व’ प्रकारची तीन विधानं. १७६०च्या दशकात गणिती ऑयलरने एका जर्मन राजकन्येला पत्रांतून तर्कशास्त्र शिकवताना वर्तुळं काढली. पुढे ‘ॲलिस’चा लेखक लुईस कॅरोल, म्हणजे ऑक्सफर्डचा गणिताचा शिक्षक, याने १८८०च्या दशकात तर्काचा खेळच बाजारात आणला: एक पुठ्ठा, चार लाल आणि पाच करड्या सोंगट्या. त्याची विधानं मुद्दाम विचित्र असत. आजच्या प्रश्नांतला वेडेपणा त्याच वळणाचा आहे.

परीक्षेशी गाठ पडली ती अमेरिकेत. पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्याने लाखो जवानांची बुद्धी छापील चाचण्यांवर मोजली. त्या कामातले मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांच्या देखरेखीखाली २३ जून १९२६ रोजी महाविद्यालयीन प्रवेशासाठीची पहिली ‘सॅट’ परीक्षा झाली. बसले सुमारे ८,००० विद्यार्थी. तिच्या नऊ उपचाचण्यांपैकी एक होती तार्किक अनुमानाची.

दोनच वर्षांनी मिना विल्किन्स या संशोधिकेने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. तर्काचा साचा तोच ठेवून शब्द बदलले, की माणसांची कामगिरी बदलते. ओळखीच्या शब्दांत प्रश्न सोपा जातो, कोरड्या अक्षरांत अवघड. आणि निष्कर्ष आपल्या समजुतीला पटणारा असला की चुकीचं अनुमानही बरोबर वाटतं. विषय ओळखीचा पण विधान अशक्य, ही पेन-टेबलाची युक्ती म्हणून कामाची आहे: शब्द डोळ्यांसमोर उभे राहतात, समजूत मात्र मदतीला येत नाही.

भारतात या प्रश्नाचा मोठा संसार मुंबईत थाटला गेला. बँकांची भरती शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून १९७५ मध्ये सुरू झालेल्या निवडसेवेतून १९८४ मध्ये ‘आयबीपीएस’ ही स्वतंत्र संस्था झाली. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांची सामायिक परीक्षा ती २०११पासून घेते.

आता सुरुवातीचं उदाहरण. टेबलांचं मोठं वर्तुळ काढा, पेनांचं छोटं त्याच्या पोटात. नद्यांचं वर्तुळ टेबलांच्या दुसऱ्या कडेला, पेनांना न शिवता छेदू द्या. दोन्ही विधानं पाळली गेली, तरी पेन आणि नदी भेटले नाहीत. निष्कर्ष रद्द. वर्तुळं एकमेकांना छेदणारी काढून ‘जमतंय की’ म्हणणारे इथेच फसतात. जमतं का हे पाहायचंच नसतं; मोडता येतं का हे पाहायचं असतं.

एक जुना वाद उमेदवाराने जरूर लक्षात ठेवावा. ‘सर्व अ ब आहेत’ यावरून ‘काही ब अ आहेत’ हे निघतं, असं ॲरिस्टॉटल मानतो. एकोणिसाव्या शतकातल्या बूल आणि व्हेन यांच्यापासून आलेलं आधुनिक तर्कशास्त्र ते मानत नाही, कारण एकही ‘अ’ अस्तित्वात नसण्याची शक्यता ते मोकळी ठेवतं. बँकेच्या परीक्षेत ॲरिस्टॉटलचा नियम चालतो. तिथे ‘निष्कर्ष निघतो’ हाच पर्याय निवडावा.