क्रोमपेटमधील जर्मन अध्यापक

मद्रासहून तांबरमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर क्रोमपेट हे स्थानक लागते. कातडी कमावणाऱ्या एका कंपनीमुळे या वस्तीला हे नाव मिळाले. सी. राजम या उद्योजकांनी आपले राहते घर विकून जमवलेल्या पैशांवर १९४९ साली येथे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था उभी राहिली. आवारात सेवेतून काढलेली दोन विमाने मांडलेली असत. १९५० नंतरच्या दशकात त्या विमानांपाशी तासन्‌तास रेंगाळणाऱ्या विद्यार्थ्यांत रामेश्वरमहून आलेले अब्दुल कलाम होते. पुढे राष्ट्रपती झालेल्या या विद्यार्थ्याने ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रात आपल्या अध्यापकांविषयी जे लिहून ठेवले आहे, ते वाचून मन काहीसे चमकते.

विमानविद्येचे विभागप्रमुख वॉल्टर रेपेंथिन हे जर्मन. दुसरे जर्मन म्हणजे डॉ. कुर्ट टँक. आणि वायुगतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक स्पाँडर हे ऑस्ट्रियन. महायुद्धात नाझींनी त्यांना पकडून छळछावणीत कोंडले होते!

टँक हे साधे अध्यापक नव्हते. इंग्रज वैमानिकांना धडकी भरवणारे ‘फोके-वुल्फ १९०’ हे लढाऊ विमान त्यांच्या कल्पनेतून उतरले होते. त्याच कंपनीच्या कारखान्यांत वेठीला धरून आणलेले मजूर राबत होते, हेही विसरता येत नाही. १९४५ साली जर्मनी पडली आणि दोस्त राष्ट्रांनी तेथे विमाने बांधण्यास बंदी घातली. टँक १९४७ साली पेद्रो मात्तिएस असे खोटे नाव धारण करून अर्जेंटिनाला निसटले. अध्यक्ष पेरॉन यांनी त्यांना आश्रय दिला. कोर्दोबा येथे त्यांनी ‘पुल्की-२’ हे जेट विमान घडवले. परंतु १९५५ साली पेरॉन पदच्युत झाले, आश्रय सुटला, आणि पुढच्याच वर्षी टँक भारतात आले.

नवस्वतंत्र देशाला विद्या हवी होती. विद्वानाचा पूर्वेतिहास खोदत बसण्याची त्याला निकड वाटली नाही. त्याला एकट्याला दोष देणेही न्यायाचे नाही. फॉन ब्राउन यांना अमेरिकेने सन्मानाने ठेवून घेतले, ते काय वेगळे होते? टँक पुढे बंगलोरच्या विमान कारखान्यात गेले. त्यांनी आखलेले ‘मरुत’ १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी आकाशात नेले. मनाजोगे शक्तिमान इंजिन त्याला कधीच लाभले नाही. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटावर त्याने कामगिरी बजावली.

स्पाँडर यांचे काय? जर्मनांविषयीची तीव्र अढी त्यांच्या मनातून गेली नव्हती, असे कलाम सांगतात. ती जावी तरी कशी? ज्यांच्या देशाने कोंडले, त्यांच्यातल्याच एका विभागप्रमुखाच्या हाताखाली त्यांना रोज वर्गावर जायचे होते. पण त्या कटुतेचा डाग त्यांनी आपल्या शिकवण्याला लागू दिला नाही. कोणती शाखा घ्यावी याचा सल्ला विचारायला कलाम त्यांच्याकडे गेले, तेव्हा पुढे काय मिळेल याची चिंता सोडून पाया पक्का कर, असे त्यांनी सांगितले.

निरोपाच्या दिवशी सर्वांचे छायाचित्र काढायचे ठरले. अध्यापक पुढे खुर्च्यांवर, विद्यार्थी मागे तीन रांगांत उभे. छायाचित्रकार सज्ज झाला, तोच स्पाँडर उठले. तिसऱ्या रांगेतल्या कलामांना त्यांनी शोधून काढले आणि पुढे, आपल्या शेजारी आणून बसवले.