रानघोड्याचे उसने नाव

झेब्रा आफ्रिकेतला, तेव्हा त्याचे नावही आफ्रिकेतलेच असणार, असे कुणालाही वाटेल. काही जुन्या कोशांनीही ते काँगोकडचे म्हणून नोंदवले होते. माझ्या मते हा शब्द अस्सल इबेरियातला, गॅलिशियन आणि पोर्तुगीज या सख्ख्या बहिणींच्या घरातला. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगु कांव काँगो नदीच्या मुखाशी पोचला तो १४८०च्या दशकात. पण त्याच्या कितीतरी आधीच्या पोर्तुगीज गावसनदांत ‘झेब्रो’च्या कातड्याचा उल्लेख येतो. हा झेब्रो कसा दिसे? स्पेनचा राजा दुसऱ्या फिलिपने १५७०च्या दशकात स्पेनमधल्या गावोगावची माहिती मागवली, तेव्हा चिंचिल्याच्या लोकांनी सांगितले की पूर्वी आमच्याकडे ‘एन्सेब्रा’ पुष्कळ होत्या: घोडीसारख्या, उंदराच्या रंगाच्या, घोडीसारख्याच खिंकाळणाऱ्या, आणि इतक्या वेगवान की एकही घोडा त्यांना गाठू शकत नसे. ‘होत्या’ हे क्रियापद वाचताना काळजात कळ येते.

रोमन लेखक प्लिनीच्या लॅटिनमध्ये रानघोडा म्हणजे ‘एक्विफेरुस’, आणि झेब्रोचे मूळ तेच. एवढ्या लांबलचक नावाचा झेब्रो कसा झाला, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर नाताळच्या सजावटीतल्या काटेरी पानांच्या होलीपाशी सापडते. लॅटिन ‘आक्विफोलियुम’चे पोर्तुगीजमध्ये ‘अझेविन्यु’ झाले, गॅलिशियनमध्ये ‘अथिव्रो’. ‘क्वि’ मऊ झाला, दोन स्वरांमधला ‘फ’ सघोष झाला. झेब्रोतही नेमके हेच घडले, फक्त आरंभीचा ‘ए’ गळाला. तो ‘एन्सेब्रा’त अजून शाबूत आहे. लिस्बनजवळच्या घोड्या पश्चिम वाऱ्यापासून गाभण राहतात अशी कथा प्लिनीच सांगतो, म्हणून काहींनी वाऱ्याच्या ‘झेफिरुस’ नावाशी नाते जोडले. कल्पना देखणी खरी, पण त्या वाटेने आरंभीचा हा स्वर कुठून आला ते सुटत नाही.

मग उंदरी रंगाच्या जनावराचे नाव पट्टेवाल्याला का मिळाले? नाव देणाऱ्यांनी कातडीपेक्षा चण आणि स्वभाव पाहिला असावा: घोड्यासारखे, पण माणसाला न जुमानणारे. काँगोवरचे इटालियन लेखक पिगाफेत्ताचे पुस्तक १५९१ मध्ये रोममध्ये छापले गेले, त्यात पट्ट्यांचा झेब्रा आहे. पुढे इंग्रजीवाटे तो मराठीत आला आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टेही त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. चिंचिल्याच्या वर्णनात पट्ट्यांचा उल्लेखसुद्धा नाही.