खळे उठल्यावर निघणारे वऱ्हाड

लग्नाची तिथी पंचांगातून निघते, अशी आपली साधारण समजूत असते. आणि ती खोटी नसली तरी अपुरी असते. तुळशीचे लग्न लागल्यावाचून आपल्याकडे लग्नसराई सुरू होत नाही, या नियमाला चातुर्मासाचा धार्मिक आधार आहे हे खरे. परंतु भाताची कापणी उरकून कुणब्याचे हात मोकळे होणे, घरात नवे धान्य येणे आणि पावसाने अडलेल्या वाटा पुन्हा चालत्या होणे, या तीन लौकिक गोष्टीही नेमक्या त्याच सुमारास घडून येतात, हे विसरून चालत नाही. धर्माचे आवरण दाट असल्यामुळे ही निकड आपल्याला सहसा दिसत नाही. लडाखच्या उंच आणि रुक्ष मुलखात मात्र ती अगदी उघडी पडलेली आहे. आणि म्हणूनच तेथील लग्नांचा पूर्वेतिहास वाचताना एखाद्या जुन्या घराण्याची जमाखर्चाची वही चाळत असल्याचा भास होतो.

लेह नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फुटांवर वसलेले असून तेथे वर्षाकाठी जेमतेम चार इंच पर्जन्य पडते. हिमालयाच्या मुख्य रांगेने मोसमी मेघांची वाट अडविली असल्यामुळे शेती सर्वस्वी वितळणाऱ्या हिमाच्या पाण्यावर, आणि ते पाणी डोंगरउतारावरून खाली आणणाऱ्या पाटांवर अवलंबून असते. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी आणि किती वेळ पाणी द्यावयाचे, याची व्यवस्था अनेक गावांत चुरपोन नावाचा पाणकारभारी पाहतो. वसंतात पेरलेला सातू भाद्रपदाच्या आगेमागे कापणीस येतो. मग खळ्याच्या मधोमध रोवलेल्या तिवड्याभोवती झो (याक आणि गाय यांचा संकर), गाढवे, घोडी अशी मिळतील ती जनावरे एका ओळीत फिरू लागतात, आणि उपणणीच्या वेळी वारा पडला म्हणजे त्याला बोलावण्यासाठी माणसे मंद स्वरात शीळ घालतात. हे खळे उठेपर्यंत लग्नाची गोष्ट काढण्यास कोणालाच सवड नसे; आणि ते उठल्यानंतर थोड्याच आठवड्यांत काश्मीरकडे जाणारा झोजीला घाट हिमाने बंद होऊन बाहेरचे जग तुटे. त्यातच लडाखचे नववर्ष, म्हणजे लोसार, तिबेटच्या नववर्षापूर्वी दोन महिने, सामान्यतः डिसेंबरात येते. सतराव्या शतकाच्या आरंभी राजा जमयांग नामग्याल याने बाल्टिस्तानावरील स्वारीस निघण्यापूर्वी हा सण अलीकडे ओढला, अशी परंपरागत समजूत आहे. लग्ने पुढे हिवाळ्यातही होत. परंतु त्यांचा सरंजाम जमविण्याचा काळ म्हणजे खळे आणि हिम यांच्या मधला हा चिंचोळा शरदच होय.

येथे प्रश्न असा उद्भवतो की, लग्नासाठी एवढी आगाऊ तजवीज करावयाचे कारण काय? याचे उत्तर लडाखी घराच्या रचनेत आहे. जुन्या लडाखात शेत, पाण्याची पाळी, कुरणावरील हक्क, कुलदैवत आणि सरकारदेणे ही सारी माणसाच्या नावावर नसून घराच्या नावावर असत. राजांच्या अमदानीत आणि त्यानंतर, जोरावरसिंगाने १८३४ साली स्वारी करून हा मुलूख जम्मूच्या डोगऱ्यांच्या अंमलाखाली आणल्यावरही, साऱ्याची आकारणी मुख्यतः घरोघर होत राहिली. आणि वेठबिगारीची पाळीही घरावरच येई. अशा स्थितीत एका घराची दोन घरे करणे म्हणजे आधीच तोकडे असलेले शेत अर्धे करून माथ्यावरचा बोजा मात्र दुप्पट करून घेणे होय. म्हणून सारे घर थोरल्या मुलाकडे जाई. त्याचे लग्न झाले की आईबाप मोठे घर, म्हणजे खांगछेन, त्याच्या स्वाधीन करून जवळच्या लहान घरात, म्हणजे खांगबूत, थोडेसे शेत आणि एखाददुसरे जनावर घेऊन राहावयास जात. तेव्हा थोरल्याच्या लग्नाचा दिवस हा घरातील सत्तांतराचाही दिवस असे; आणि कोणताही शहाणा कारभारी सत्तांतर हंगामाच्या ऐन मध्यावर करीत नाही.

धाकट्या भावांची वाट याच हिशेबाने ठरे. एखादा मुलगा लहानपणीच गोन्प्यात, म्हणजे मठात, जाऊन लामा होई, आणि उरलेले भाऊ थोरल्याच्या पत्नीचेच पती म्हणून त्याच घरात राहत. विवाहसमारंभ थोरल्याचाच होई. परंतु त्या एका विधीने धाकट्यांचेही स्थान निश्चित होऊन जाई. परदेशी प्रवाशांनी या बंधु-बहुपतित्वाकडे बहुधा नीतीच्या चष्म्यातून पाहिले. परंतु जम्मू-काश्मीरच्या महाराजांच्या नोकरीत राहून काही काळ लडाखचा कारभार पाहिलेल्या फ्रेडरिक ड्रू याने १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रथेचे मूळ लागवडीयोग्य भूमीच्या मर्यादेत आहे, असा निर्वाळा दिला आहे. ज्याने शेतांचा कारभार प्रत्यक्ष पाहिला होता त्याला ही गोष्ट दिसावी, हे स्वाभाविकच होते.

मुलीकडे मागणी घालावयास वराकडील वडीलधारी माणसे जात ती छांगचा घडा आणि पांढरा खताक घेऊन. छांग म्हणजे सातूचे मद्य, आणि खताक म्हणजे आदराने अर्पण करावयाचे वस्त्र. घडा ठेवून घेतला तर बोलणी पुढे चालत. परत पाठविला तर न बोलताच नकार समजला जाई, आणि कोणाच्याही प्रतिष्ठेस धक्का लागत नसे. त्यानंतर ओन्पो, म्हणजे गावचा ज्योतिषी, उभयतांची जन्मवर्षे ताडून पाही आणि दिवस मुक्रर करी. मुलीला वाढविण्याच्या कष्टांचा मोबदला म्हणून तिच्या आईला काही देणे देण्याचीही चाल होती.

खरी कसोटी लागे ती त्यापुढे. कारण लडाखी लग्न छांगवाचून होत नाही, आणि छांग सातूवाचून होत नाही. सातूच्या पिठाची ओळख मराठी घराला आहे; परंतु आपल्याकडे जे न्याहारीपुरते धान्य, तेच लडाखात भाजून दळले की रोजचे अन्न आणि आंबविले की उत्सवाचे पेय होते. छांगसाठी सातू मोठ्या हंड्यात शिजवून कापडावर पसरून निववितात. तो कोमट असतानाच फब्स नावाचे किण्व चुरडून त्यात हाताने मिसळतात. आणि मग सारे पोत्यात भरून, वर घोंगडी-कांबळी लपेटून, उबेला काही दिवस ठेवून देतात. पोत्यातून गोडसर आंबूस वास येऊ लागला म्हणजे धान्य तयार झाले असे समजतात, आणि लागेल तसे पाणी घालून त्याचा अर्क काढतात. थंडी वाढली की हे आंबवण मंदावते, आणि घरच्या गृहिणीला त्या पोत्यांची काळजी तान्ह्या मुलासारखी घ्यावी लागते. शिवाय लग्नात जाणारा प्रत्येक शेर हा हिवाळ्यातील अन्नाच्या कोठारातून निघत असल्यामुळे, खळ्यावर रास किती पडली हे पाहिल्यावाचून पाहुण्यांचा आकडा ठरविणे म्हणजे अविचारच होता.

हा भार एकट्या घराला पेलणारा नव्हता, म्हणून फस्पुन नावाची संस्था होती. एकाच कुलदैवताला भजणाऱ्या काही घरांचा हा गट असून जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी त्यांनी परस्परांच्या कामास उभे राहावे, असा दंडक होता. लग्नघरातले रांधणे, वाढणे, पाहुण्यांच्या जनावरांना चारा घालणे ही कामे ते वाटून घेत.

शरदाचे आणखी एक सोयीस्कर अंग होते, ते बाजाराचे. काराकोरम ओलांडून यारकंदहून निघालेले तांडे उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात लेहच्या बाजारात उतरत, आणि पंजाब-काश्मीरचे व्यापारी त्याच वेळी तेथे जमत. छांगथांगच्या पठारावरील पशुपालक मीठ आणि लोकर घेऊन सातूच्या बदलीसाठी खाली येत. विटांच्या आकारात दाबलेला चहा ल्हासाकडून येई; १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहनाम्याने लडाख आणि ल्हासा यांच्यामधील या देवघेवीला राजकीय बंधनाचे स्वरूप दिले होते. १८७० च्या व्यापारी तहानंतर या वाटांवर इंग्रजांची नजर अधिक राहू लागली आणि वर्दळही वाढली. पण त्याच तांड्यांसाठी घोडी आणि हमाल पुरविण्याची पाळी गावांवर येत असल्यामुळे, ज्या बाजारातून किनखाब घ्यावयाचा त्याच बाजाराच्या वेठीला घरची जनावरे गुंतलेली, असा पेच अनेकांना पडत असला पाहिजे.

ठरल्या दिवशी वराकडून न्योपा नावाची मंडळी वधूला आणावयास निघत. त्यांच्या प्रमुखाच्या हाती पंचरंगी रेशमी वस्त्रांनी सजविलेला बाण असे. डामन आणि सुरना ही वाद्ये वाजविणारे मोन जातीचे लोक सोबत असत. उत्सवाला ज्यांच्यावाचून रंग चढत नसे, त्या मोनांचे आसन मात्र पंक्तीत सर्वांत खाली मांडले जाई, ही विषमताही या इतिहासाचा भाग आहे. वधूच्या दाराशी न्योपांना अडवून गाण्यातून प्रश्न विचारले जात, आणि गाण्यातूनच उत्तरे दिल्यावाचून दार उघडत नसे. लेहच्या मोरावियन मिशनमधील आ. ह. फ्रांके या जर्मन विद्वानाने ही गीते टिपून घेतली, आणि १९०१ साली मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वरी’त ती छापविली. विश्व कसे उत्पन्न झाले, वरच्या, मधल्या आणि खालच्या लोकी कोणाची वस्ती आहे, अशा स्वरूपाचे ते प्रश्न पाहून त्याने असा निष्कर्ष काढला की, या विधीत बौद्ध धर्म येण्यापूर्वीची श्रद्धा शिल्लक राहिली आहे. लामांनी धर्म बदलला, पण दारातला हा सवालजवाब गावाने सोडला नाही.

वधू निघताना तिची आई बहुधा आपला पेराक तिच्या मस्तकी ठेवी. हे पिरोजांनी मढविलेले शिरोभूषण कपाळापासून पाठीपर्यंत नागफणीसारखे उतरते; त्यावरील पिरोजांच्या ओळींवरून घराण्याचा दर्जा ओळखता येत असे; आणि मालमत्ता पुत्राकडे जाणाऱ्या त्या समाजात ही एक ठेव मात्र आईकडून थोरल्या लेकीकडे जाई. त्याच वेळी आत ओन्पोकडून एक विधी चाललेला असे. मुलगी घराबाहेर पडताना तिच्यासमवेत घराचे भाग्यही निघून जाईल, या भयाने त्या भाग्याला, म्हणजे यांगला, घरातच थांबण्याची विनवणी केली जाई. मुलीला निरोप देणाऱ्या घराला आपल्या कोठाराचीही चिंता वाटावी, यात हृदयशून्यता नसून जेथे एका वर्षाचे पीक बुडाले तर सारे घर बुडते तेथील सावधपणा आहे.

आणि जेथे पुत्र नसे तेथे हाच हिशेब उलट मांडला जाई. थोरली मुलगी घराची वारस होई, आणि तिच्यासाठी दुसऱ्या घरचा धाकटा मुलगा माग्पा, म्हणजे घरजावई, म्हणून आणला जाई. माग्पाची स्थिती नाजूक असे. पत्नीने मनात आणल्यास त्याला निरोप देणे फारसे अवघड नसे. घर टिकविणाऱ्याकडे सत्ता जावी, मग ती व्यक्ती पुरुष असो वा स्त्री, असा हा सरळ न्याय होता. राजघराण्यासही लग्न हा मुलूख राखण्याचाच उपाय वाटे. त्या बाल्टिस्तानच्या स्वारीत स्कर्दूचा राजा अली मीर याच्याकडून पराभूत होऊन कैदेत पडलेल्या त्या जमयांग नामग्यालचा विवाह विजेत्याची कन्या ग्याल खातून हिच्याशी झाला, आणि या मुसलमान मातेच्या पोटी जन्मलेल्या सेंगे नामग्यालने लेहचा नऊ मजली राजवाडा बांधला. पुढच्या काळातही बौद्ध आणि मुसलमान घरांमध्ये सोयरिकी होत असत. बौद्धांनी मुसलमानांवर टाकलेल्या आणि १९८९ पासून १९९२ पर्यंत चाललेल्या सामाजिक बहिष्काराने त्या वाटेवर जो हिमपात केला, तो अद्याप पुरता वितळलेला नाही.

१९४१ साली महाराजा हरिसिंग यांच्या कारकिर्दीत बहुपतित्वाला बंदी करणारा कायदा झाला, आणि १९४३ साली बौद्धांच्या वारसाहक्कासंबंधी दुसरा कायदा होऊन थोरल्याकडेच सारे घर जाण्याच्या रूढीचा आधार काढून घेण्यात आला. नव्या विचाराच्या सुशिक्षितांना बहुपतित्वाची प्रथा लाजिरवाणी वाटत होती. तथापि कायदा झाला म्हणून शेत वाढत नाही; आणि त्यामुळे दूरच्या खोऱ्यांतून ही प्रथा पुढेही बराच काळ चालूच राहिली. तिला खरा उतार पडला तो निराळ्या कारणांनी. १९४९ च्या सुमारास यारकंदचा व्यापार बंद पडला. १९६२ साली श्रीनगरहून लेहपर्यंत मोटाररस्ता पोहोचला. त्यामागोमाग सैन्य, सरकारी नोकऱ्या आणि शिधावाटपाचा तांदूळ आला. १९७४ साली परदेशी प्रवाशांना हा प्रदेश खुला झाला. धाकट्या भावाला पगार मिळू लागला, आणि पगारावर स्वतःचे घर बांधता येऊ लागले. मग थोरल्याच्या घरात आणि त्याच्या संसारात वाटेकरी होऊन राहण्याचे प्रयोजनच उरले नाही.

आज लेहमधील लग्नाची तारीख ठरविताना ओन्पोच्या बरोबरीने नोकरीतील रजेचा, जम्मू-चंडीगडला शिकणाऱ्या मुलांच्या सुटीचा आणि विमानाच्या तिकिटांचा विचार करावा लागतो. छांगसोबत तांदूळ आणि बाटल्या असतात. परंतु खताक, बाणाची वस्त्रे आणि दारातली गाणी यांना कोणी हात लावलेला नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ज्या रूढी धान्याच्या हिशेबातून जन्मल्या त्या हिशेब बदलताच ओसरल्या, आणि ज्यांना कोणताच हिशेब नव्हता त्या गाण्यासारख्या टिकल्या. कोणत्याही समाजाच्या विवाहपद्धतीवर निर्णय देण्यापूर्वी या दोहोंचा भेद करावा. एरवी सुधारकाचा कायदा शेताशी भांडत बसतो, आणि परंपरेचा अभिमानी, जी रूढी आईबापांनी निरुपायाने पत्करली तिलाच पवित्र मानून बसतो.